गीताई म्हणजे 'नुसतं भाषांतर' का?

"विनोबा भाव्यांची गीताई म्हणजे गीतेचं नुसतं मराठी भाषांतरच ना? मूळ गीता सोडून ती का वाचायची, आणि आज विनोबांचा प्रभाव उरलाय तरी का?" असं तुम्ही विचारलंय. तुमचं ते 'नुसतं' वाचलं आणि आमचे काका डोळ्यांपुढे उभे राहिले.

वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी गीता वाचायचं ठरलं. आई चौथी शिकलेली, पण गीताई तोंडपाठ. म्हणाली, दुसरा अध्याय मी म्हणते. काका म्हणाले, "वहिनी, अशा वेळी संस्कृतच हवं. भाषांतराला कसलं आलंय पुण्य?" आणि स्वतःच सुरू झाले, एक्सप्रेस गाडीसारखे. आम्ही माना खाली घालून बसलो. रात्री भांडी आवरताना आई गीताई पुटपुटत होती. जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत तसा देह, त्या श्लोकापाशी थांबली, परत म्हणाली. सकाळी तिने वडिलांचे शर्ट कपाटातून काढले आणि वाटायला दिले. "एवढी कसली घाई?" काकांनी हटकलं. ती गप्प राहिली. मीही गप्प राहिलो, ते अजून सलतं.

गीताई मुळात अशाच एका बाईपायी झाली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. वामन पंडितांची समश्लोकी, म्हणजे गीतेचा श्लोकाला श्लोक असा जुना मराठी अनुवाद, दिली तर तीही जड गेली. मग मुलालाच म्हणाल्या, तूच कर की. त्या १९१८ मध्ये गेल्या. मुलाने गीताई लिहिली १९३०-३१ मध्ये. पुढच्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एकेका अध्यायावर ते बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. तीच 'गीता प्रवचने'. ज्याला पुण्य मोजायचंय त्याने खुशाल संस्कृत म्हणावं, पण अर्थ न कळता म्हणणाऱ्याने आईसारख्या बायकांना गप्प बसवू नये.

प्रभावाचं म्हणाल तर वर्ध्याला गीताई मंदिर आहे, तिथे मूर्ती नाही, दगडी शिळांवर गीताई कोरलेली आहे. भूदानात, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन दान मागण्याच्या विनोबांच्या चळवळीत, मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, आणीबाणीला त्यांनी 'अनुशासन पर्व' म्हटल्याचा डागही पुसला गेला नाही, हेही खरं. त्याबाबतीत मी विनोबांची वकिली करणार नाही.

सुरुवात बाराव्या अध्यायापासून करा, वीसच श्लोक आहेत. मोठ्याने म्हणा, घरात काका असले तरी.