‘फ्रॅटर्निटी’ला ‘बंधुता’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘भाची मिनेसोटात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकते. परवा फोनवर म्हणाली, “मावशी, मी थीटा टाऊची ब्रदर झाले!” मंडळाच्या स्मरणिकेत तिच्याबद्दल चार ओळी द्यायच्यात. “प्रोफेशनल इंजिनिअरिंग फ्रॅटर्निटी”ला “व्यावसायिक अभियांत्रिकी बंधुता” चालेल का?’

फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकन विद्यापीठांतली विद्यार्थ्यांची सभासद-संघटना आणि थीटा टाऊ ही त्यातलीच एक. ‘अभियांत्रिकी’ चालेल. बाकीचे दोन अडतील.

आधी ‘बंधुता’. लॅटिन ‘फ्रातेर’ आणि संस्कृत ‘भ्रातृ’ एकाच मुळाचे, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. पण इंग्रजी शब्द भावनेलाही चालतो आणि त्या भावनेने जमलेल्या मंडळींनाही. आपली ‘बंधुता’ संविधानाच्या उद्देशिकेतली, स्वातंत्र्य-समतेच्या पंक्तीतली. ती बाळगता येते, तिची वर्गणी भरता येत नाही. ‘भ्रातृमंडळ’ म्हणावं, तर शेजारी ‘भगिनी मंडळ’ दिसायला लागतं आणि हळदीकुंकवाचा वास येतो. ‘भाऊबंद’कडे तर फिरकूच नका. ‘-की’ लागली की थेट बांधाचं भांडण आणि कोर्टाची तारीख!

गंमत म्हणजे या संस्थेच्या मूळ नावातही भांडण लपलेलं आहे. 1904 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी ती काढली, तेव्हा नाव होतं ‘सोसायटी ऑफ हॅमर अँड टाँग्ज’. म्हणजे लोहाराचा हातोडा आणि सांडशी. त्यांना कारागिरीची खूण हवी होती, पण इंग्रजीत ‘हातोडा-सांडशी घेऊन’ तुटून पडणे म्हणजे कडाकडा भांडणे. ग्रीक अक्षरांचं नाव नंतर आलं, हातोडा-सांडशी चिन्हात राहिली.

आता ‘व्यावसायिक’. हा शब्द वाचला की आपल्याला धंदा, फार तर हौशीच्या उलट असलेली रंगभूमी आठवते. अमेरिकेत ‘प्रोफेशनल’ हा फ्रॅटर्निटीचा प्रकार सांगणारा शब्द आहे. ‘सोशल’ फ्रॅटर्निटी म्हणजे एकत्र राहणं, पार्ट्या. विषय कुठलाही असो. ‘ऑनर’ सोसायटी गुणवत्तेवर बोलावते. 1885 ची ‘टाऊ बीटा पाय’ ही इंजिनिअरांची तशी संस्था. ‘प्रोफेशनल’मध्ये मात्र त्या पेशाचं शिक्षण घेणाऱ्यांनाच प्रवेश. थीटा टाऊचं उद्दिष्टही दुहेरी आहे: सभासदांची आपल्या पेशाबद्दलची आस्था वरच्या दर्जाची ठेवायची आणि त्यांना बंधुभावाने घट्ट बांधायचं. सेवा, पेशा आणि बंधुभाव, हे तिचे तीन खांब. म्हणून मी ‘व्यावसायिक’ गाळून सरळ ‘अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची’ म्हणेन.

आणि मुलगी ‘ब्रदर’ कशी? अमेरिकेतल्या 1972 च्या टायटल नाइन कायद्याने शिक्षणसंस्थांमधला लिंगभेद बंद केला. सोशल फ्रॅटर्निटींना पुढे त्यातून सूट मिळाली, प्रोफेशनलना नाही. थीटा टाऊची दारं मुलींना उघडली, पण आतला शब्द जुनाच राहिला, मुलीही ‘ब्रदर’च. मराठीला इथे अडायचं कारण नाही. एका गुरूकडे शिकणाऱ्यांना आपण ‘गुरुबंधू’ म्हणतो आणि त्यात बाई असली तर बिनदिक्कत ‘गुरुभगिनी’. रक्ताचं नातं नाही, विद्येचं आहे, हा अर्थ माझ्या मते ‘बंधुते’पेक्षा इथे जवळचा. तरी संस्थेसाठी ‘गुरुबंधू-मंडळ’ सुचवणार नाही. तिथे गुरू कुणी नाही आणि वाचक आश्रम शोधत बसेल.

तेव्हा ‘फ्रॅटर्निटी’ तशीच ठेवा. क्लब, जिमखाना आपण तसेच ठेवलेच की. स्मरणिकेत असं लिहा: ‘ती थीटा टाऊ या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटीची सभासद झाली. पेशाची आस्था आणि आपसातला बंधुभाव वाढवणं हे या संस्थेचं उद्दिष्ट.’ आणि जागा उरली, तर तिचं ‘मी ब्रदर झाले’ अवतरणात जरूर घ्या.