कोथरूड ते बाणेर रोज ऑफिसला जायला इलेक्ट्रिक सायकल पुरेल का, की ई-स्कूटरच घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की घर कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, ऑफिस बाणेरला, एका बाजूने साधारण १२ किलोमीटर. माहितीपत्रकात 'एका चार्जमध्ये ६० किमी' छापलंय, ते खरं मानावं का आणि त्यापेक्षा सरळ ई-स्कूटर घ्यावी का, असं तुम्हाला विचारायचंय.

मी कर्वेनगरहून बाणेरला ई-सायकलनेच जाते, त्यामुळे तुमचा रस्ता जवळजवळ माझाच. पुरेल. फक्त किलोमीटर बघून ठरवू नका; वाटेतला चढ आणि घरचा जिना बघून ठरवा.

आधी त्या ६० किमीचा हिशेब करू. बॅटरीवर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास असं काहीतरी लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार केला की ३६० वॉट-तास. आपण पायडल मारत राहिलो आणि मोटरची मदत मधल्या पातळीवर ठेवली, तर किलोमीटरला १० ते १५ वॉट-तास जातात. म्हणजे २५ ते ३५ किमी. पायडल न मारता नुसता थ्रॉटल, म्हणजे स्कूटरसारखी हँडलवरची मूठ, पिळत गेलात तर २० वॉट-तासांपर्यंतही जातात, मग १८ किमीवर कारभार आटोपला. साठचा आकडा अगदीच खोटा नसतो; मदत सगळ्यात कमी, रस्ता सपाट, बसणारा हलका आणि पाठीवर डबा-लॅपटॉप नाही, तर तो निघतोही. पण असा माणूस आणि असा रस्ता पुण्यात कुठून आणायचा?

तुमचं जाऊन-येऊन २४ किमी होतं. १० अँपिअर-तासांची नवी बॅटरी त्याला जेमतेम पुरते. लिथियमची बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते, आणि रोजच्या वापरात ते दोन वर्षांतच गाठलं जातं. तेव्हा एक तर मोठी बॅटरी घ्या, नाहीतर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुसरा चार्जर ठेवा. मी दुसरं केलंय. चार्जर लॅपटॉपच्या चार्जरएवढाच असतो, २ अँपिअरचा असेल तर पाच-सहा तासांत बॅटरी भरते. ऑफिसवाल्यांना आधी विचारा, हो म्हणतात.

आता चढाचं. कोथरूडहून बाणेरला जायचे सरळ रस्ते दोन. एक कोथरूड डेपोवरून चांदणी चौक, मग बावधन-पाषाण. दुसरा नळ स्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता, विद्यापीठ चौक आणि बाणेर रस्ता. अंतरात फार फरक नाही. चांदणी चौकाला दोन्ही बाजूंनी चढ, म्हणजे जाताना चढा, येताना परत चढा. आणि २०२३ साली तिथला नवा पूल झाल्यापासून रॅम्पच रॅम्प झालेत. हायवेवरून उतरणारी गाडी ज्या वेगात शेजारून निघते त्या वेगाशी सायकलवाल्याने भांडू नये. मी बापट रस्त्याने जाते. सिग्नल जास्त, बसचा धूर जास्त, पण सगळं हळू चालतं आणि चढ आटोपशीर आहे.

चढावर काय होतं ते आकड्यांत सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. माणूस, सायकल आणि बॅग मिळून १०५ किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी २२ किमीने जायला साधारण १३० वॉट लागतात. शंभर मीटरला पाच मीटर वर जाणाऱ्या चढावर ताशी १५ नेच जायचं म्हटलं तरी २५० वॉटपेक्षा जास्त लागतात. कायद्यात बसणारी मोटर असते २५० वॉटच्या आतली. म्हणजे चढावर मोटर पूर्ण पिळली जाते, आणि तुम्ही पाय हलवले नाहीत तर वेग पडतो. चाकाच्या आसात बसवलेली हब मोटर कमी वेगात नीट काम करत नाही. वीज तेवढीच खाते, त्यातली बरीचशी उष्णता होऊन जाते. म्हणून चढावर ताशी १०-१२ च्या खाली येऊ देऊ नका. गिअर आधीच हलका करा, पाय चालू ठेवा. सिग्नलला थांबायच्या आधी गिअर उतरवून ठेवायची सवय लावून घ्या. थांबल्यावर तो बदलत नाही, आणि जड गिअरमध्ये चढावर सायकल हलवताना मागचे रिक्षावाले आपलं कुळ काढतात. स्वस्त सायकलींमधला सेन्सर पायडल फिरल्यावर मोटर सुरू करतो, अर्धा फेरा तरी जातो. तेवढ्या वेळेपुरता थ्रॉटल हवाच.

आणखी एक. बॅटरी निम्म्याच्या खाली असताना चढ लागला की व्होल्टेज एकदम खाली जातं. डिस्प्लेवर दोन काड्या दिसत होत्या त्या शून्य होतात, मोटर बंद. वर पोहोचून सपाटीला लागलं की काड्या परत येतात. बिघाड नसतो तो, जोर जास्त मागितला म्हणून बॅटरीने स्वतःला वाचवलेलं असतं. परतीचा चढ कुठे आहे आणि तिथे पोहोचेपर्यंत किती काड्या उरतील, हे बघूनच बॅटरी किती मोठी घ्यायची ते ठरवा.

जिना म्हणाल तर तिथेच खरा निकाल लागतो. ई-सायकलचं वजन २० ते २५ किलो. तिसऱ्या मजल्यावर ती रोज चढवणं हे ज्याला वाटतं जमेल त्याने आठवडाभर गॅसची अर्धी टाकी घेऊन जिना चढून बघावा. सायकल खालीच राहणार, चांगल्या कुलपाने खांबाला बांधून. वर न्यायची फक्त बॅटरी, दोन-तीन किलोची. म्हणून बॅटरी किल्लीने निघणारी हवी. काही मॉडेलमध्ये ती फ्रेमच्या आत बंद असते, दिसायला फार देखणी. तुमच्या घरासाठी ती बाद. आणि बॅटरी घरात आणल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. तासभर थंड होऊ द्या. रात्रभर लावून झोपू नका, आणि दाराच्या वाटेत तर अजिबात नको.

ई-स्कूटरशी तुलना इथेच येते. बऱ्याच ई-स्कूटरची बॅटरी आतच बसवलेली असते. म्हणजे पार्किंगमध्ये प्लग पाहिजे, आणि पार्किंगमध्ये प्लग म्हणजे सोसायटीची मीटिंग. कुणाच्या मीटरवरून वायर ओढायची, आग लागली तर जबाबदार कोण, मग सगळ्यांनीच मागितलं तर काय. सेक्रेटरी तयार असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर ई-सायकल हा वाद न घालता चालू होते.

पैशांची बाजू लोक उगाच वाढवून सांगतात. ३६० वॉट-तासांची बॅटरी रिकामीपासून भरायला, चार्जरमधला तोटा धरून, ०.४ युनिट लागतं. युनिटला १० रुपये धरले तर ४ रुपये. ई-स्कूटरला २४ किमीसाठी आठ-नऊ रुपये लागतील. पेट्रोलच्या स्कूटरला पन्नास-पंचावन्न. म्हणजे पेट्रोल सोडलं की बचत झाली, पुढे सायकल की स्कूटर याने रोजच्या खर्चात चहाच्या कपाएवढाही फरक पडत नाही. फरक पडतो तो विकत घेताना, आणि विमा-नोंदणीचा. आणि व्यायामाचा, पण त्याचं कौतुक मी करत नाही. थोडा होतो, इतकंच.

वेळेचं विचाराल तर १२ किमीला मला पाऊण तास धरावा लागतो. संध्याकाळी बाणेर रस्त्यावर स्कूटरवालेही फार आधी पोहोचत नाहीत. मात्र तुम्हाला घरी जाताना रोज मुलाला क्लासहून घ्यायचं असेल, किंवा नवरा-बायको एकाच गाडीवर जात असाल, तर पुढचं वाचू नका, स्कूटर घ्या.

कायदा सोपा आहे. २५० वॉटपेक्षा कमी मोटर, ताशी २५ किमीपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन, या मर्यादेत बसणारं वाहन नियमांनुसार मोटार वाहनात मोडत नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. दुकानदार हळूच सांगतो, 'मॅडम, वेगाचं लॉक काढून देतो, पस्तीसने पळेल.' नाही म्हणा. लॉक काढलं की ती बिननोंदणीची, बिनविम्याची मोटरगाडी होते, आणि कुणाला धक्का लागला तर ते तुम्हालाच निस्तरावं लागतं. शिवाय पस्तीसच्या वेगाला ते ब्रेक आणि ती फ्रेम बनवलेली नसते. हेल्मेटची सक्ती नसली तरी घालाच.

पावसात चालते. रिमझिमीने काही होत नाही. पाणी साचलेल्या रस्त्यात मात्र चाकाच्या आसापर्यंत, म्हणजे साधारण फूटभर, पाणी असेल तर सायकल घालू नका. मोटर तिथेच बसलेली आहे. धुताना प्रेशरचा पाइप कनेक्टरवर मारू देऊ नका. मडगार्ड पूर्ण लांबीचे बसवून घ्या, बरोबर मिळतात ते शोभेचे असतात. रेनकोट दोन तुकड्यांचा घ्या. पोंचो वाऱ्यात फुगतो आणि हँडलवर येतो. डिस्क ब्रेकचे पॅड पावसाळ्यात चिखलाने भराभर झिजतात, जून ते सप्टेंबर दर महिन्याला बघा. ओढणी घेत असाल तर गाठ मारून आत खोचा. मागच्या चाकात गेली तर मोटर ती आणखी क्षणभर ओढत राहते, साध्या सायकलसारखं पाय थांबवून भागत नाही. ब्रेकच्या मुठीत मोटर तोडणारा स्विच असतो, तो चालतो की नाही हे घेतानाच तपासा.

घामाची काळजी करू नका. सकाळी मदत पूर्ण ठेवायची, संध्याकाळी कमी करायची. एवढंच गणित आहे. पहिले काही दिवस ऑफिसात 'पेट्रोल महाग झालं वाटतं' असं कुणीतरी म्हणेल, मग तीच मंडळी एक चक्कर मारायला मागतील.

उरला पंक्चर, आणि सगळ्यात जास्त वैताग याचाच. मागच्या चाकात मोटर दिसली की बरेच पंक्चरवाले हातच लावत नाहीत. त्यांना सांगा, चाक काढायचंच नाही. सायकल आडवी घालून टायरची एकच कड बाहेर काढायची, ट्यूबचा तेवढाच भाग ओढून पॅच मारायचा. एकदा दाखवलं की करतात. ट्यूबच बदलायची झाली तर मात्र मोटरच्या वायरचा कनेक्टर सोडवून चाक उतरवावं लागतं, आणि तो नट साध्या सायकलच्या पान्याने सुटत नाही. आपल्या नटाच्या मापाचा पाना, बहुतेक १८ चा, पिशवीत असू द्या. टायरमध्ये हवा कमी ठेवून चालवलं तर पंक्चरही वाढतात आणि बॅटरीही लवकर उतरते, म्हणून आठवड्याला हवा बघा. घेताना विचारा की जाड टायर आणि पंक्चरविरोधी पट्टी बसवून मिळेल का.

घ्यायच्या आधी ट्रायल दुकानासमोरच्या सपाट गल्लीत मारू नका. ऑफिसची बॅग पाठीला लावून जा, दुकानदाराला बॅटरी निम्म्यावर आणायला सांगा आणि बापट रस्त्याचा चढ मध्ये एकदा थांबून, परत निघून पार करा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा, पुण्यात कमी नाहीत.