अंडरग्राउंड गायक आणि भूमिगत गायक

प्रश्न असा आहे : कसलीही बंदी नसलेल्या, पण मोठ्या कंपन्यांपासून लांब राहून गाणाऱ्या एका गायकाबद्दल ‘हा गायक पूर्वी भूमिगत होता, आता प्रसिद्ध झाला’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि किती श्रोते झाले की गायक अंडरग्राउंड उरत नाही?

आधी ‘भूमिगत’. मराठीत माणूस भूमिगत होतो तो पोलिसांना चुकवायला. बेचाळीसच्या चळवळीने हा अर्थ इतका पक्का केला आहे की ‘भूमिगत गायक’ वाचलं की त्याच्या नावावर वॉरंट निघालं असावं असंच वाटतं. ‘अंडरग्राउंड’चं वागणं मात्र क्रियापदावर अवलंबून असतं. ‘तो अंडरग्राउंड झाला’ म्हणजे गायब झाला. ‘तो अंडरग्राउंड गायक आहे’ म्हणजे तो गातोय, आणि बहुतेक वेळा उघडपणे गातोय. मला हा बारकावा फार आवडतो. एकच उसना शब्द, आणि मराठीने त्याची दोन कामं वेगळी करून टाकली.

आता श्रोत्यांचं. ज्याला कोणी ओळखत नाही तो नवोदित असेल, हौशी असेल, उपेक्षित असेल. त्यासाठी आपल्याकडे शब्द आहेत. अंडरग्राउंडपण ठरतं ते गाणं कोणत्या वाटेने लोकांपर्यंत जातं यावर.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात बंदी असलेली गाणी जुन्या एक्स-रे फिल्मवर कोरून चोरून विकली जात. फिल्म कात्रीने गोल कापायची, मधोमध सिगारेटने भोक पाडायचं. तबकडी उजेडात धरली की कुणाच्या तरी छातीचा पिंजरा दिसे, म्हणून लोक तिला ‘बरगड्या’च म्हणत. प्योत्र लेश्चेंकोची गाणी अशी खूप फिरली. हा गायक तिकडे बुखारेस्टमध्ये उघड गात होता, नावाजलेला होता. चोरवाट होती ती गाण्याची.

उलट बाजूला वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड घ्या. त्यांना कुणाची बंदी नव्हती. बड्या कंपन्यांना नकार देऊन त्यांनी आपल्याच लोकांच्या डिस्कॉर्ड या छोट्या कंपनीतून रेकॉर्ड काढल्या आणि तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं. रेकॉर्ड लाखांनी खपल्या, तरी वाट त्यांनी बदलली नाही. मी त्यांना अंडरग्राउंडच म्हणेन. नुसत्या आकड्यावर जाणाऱ्याला हे पटणार नाही.

दोन्ही शब्द एकाच वेळी लागू पडतील असं उदाहरण म्हणजे कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातल्या प्रागचा ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा १९६८ साली उभा राहिलेला बँड. १९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला, मग ते खेड्यापाड्यांत, कुणाच्या लग्नाच्या निमित्ताने वाजवू लागले. १९७६ मध्ये अटका झाल्या, खटला चालला, आणि त्या संतापातून पुढच्या वर्षी ‘सनद ७७’ हे सरकारकडे मानवी हक्कांची मागणी करणारं जाहीर निवेदन आलं. त्यांचे सूत्रधार इवान यिरोउस ‘दुसरी संस्कृती’ म्हणत : सरकारमान्य संस्कृतीत जागा मागायचीच नाही. इथे ‘भूमिगत’ खुशाल लिहा.

तुमच्या वाक्यातल्या गायकावर बंदी नव्हती, तो नुसता मोठ्या कंपन्यांपासून लांब होता. म्हणून ‘हा अंडरग्राउंड गायक आता प्रसिद्ध झाला’ एवढंच पुरे. मूळ वाक्यातलं ‘पूर्वी’ मात्र, त्याने खरोखरच वाट बदलली असेल तरच ठेवा.