वाचकांचे प्रश्न : हॉप्स कमी करू, की वायू?

प्रश्न : घरी केलेल्या पेल एलची (फिकट रंगाच्या बिअरची) एक बाटली भरल्यावर सहाव्या दिवशी उघडली. गोडसर, जडसर लागली आणि हॉप्सचा वास जेमतेम आला. त्याच बॅचमधली दुसरी महिन्याने उघडली, तर ती कोरडी, तरतरीत आणि बरीच कडवट. पुढच्या वेळी हॉप्स कमी करू का?

उत्तर : हॉप्सना, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांना, इतक्यात हात लावू नका. महिनाभरात बिअर थोडी मुरते हे खरं, पण तुम्ही सांगता तेवढा फरक मला मुख्यतः बिअरमध्ये विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा वाटतो. सहाव्या दिवशी बाटलीतल्या यीस्टचं काम अर्धवट असतं. यीस्टने वायू तयार करावा म्हणून बाटली भरताना घातलेली साखर पुरती संपलेली नसते आणि तयार झालेला वायूही बिअरमध्ये नीट विरघळलेला नसतो.

हा वायू नुसते बुडबुडे देत नाही, त्याला स्वतःची चव आहे. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते कार्बन डायऑक्साइडपासून तिथल्या तिथे आम्ल तयार करतं. उंदरांवरच्या प्रयोगांतून हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. उंचावरच्या त्रासासाठी गिर्यारोहक घेतात ते अ‍ॅसिटाझोलामाइड नेमकं अशा एन्झाइमांना रोखतं, म्हणून ते घेतलेल्यांना बिअर बेचव लागते. जिभेला जी चुणचुण होते तीही या आम्लामुळेच. बुडबुडे तयारच होणार नाहीत इतक्या दाबाच्या कक्षात माणसांना सोडा पाजून पाहिला, तरी चुणचुण तेवढीच राहिली. मला हा प्रयोग फार आवडतो.

म्हणजे वायू वाढला की आंबटपणाची धार वाढते, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा मागे पडतो, बिअर अंगाने हलकी वाटते आणि कडवटपणा उघडा पडतो. शिवाय वर येणारे बुडबुडे सुगंध सोबत आणतात. हॉप्सची कडू द्रव्यं फेसात गोळा होतात. पहिला घोट फेसासकट घेऊन पाहा, नंतरच्या घोटांपेक्षा तो जास्त कडू लागेल.

रेसिपी बदलण्याआधी एक करा. मुरलेली एक बाटली दोन ग्लासांत ओता. एक ग्लास चमच्याने ढवळून त्यातला वायू घालवा, मग दोन्ही एकाच तापमानाला आणून आलटून पालटून प्या. ढवळलेला ग्लास तुमच्या सहाव्या दिवसाच्या बाटलीसारखा लागला, तर दोष हॉप्सचा नाही.

मग बदलायची ती साखर. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळलेला असला, तर त्याला १ व्हॉल्यूम म्हणतात, वजनात साधारण २ ग्रॅम. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये बाटली भरतानाच सुमारे ०.८५ व्हॉल्यूम असतो. त्यापुढच्या प्रत्येक व्हॉल्यूमला लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साधी साखर लागते. २० लिटरला १२० ग्रॅम घातली, तर २.४ च्या आसपास पोचाल. पेल एलला मला २.२ पुरेसा वाटतो, म्हणजे १०५ ते ११० ग्रॅम. इतक्याशा फरकानेही माल्ट पुढे येतो. इंग्लिश कास्क एल (पिंपातच मुरवून तिथूनच वाढली जाणारी बिअर) १ ते १.५ वरच पितात आणि तिचा मऊपणा तिथूनच येतो. उलट जर्मन गव्हाची बिअर ३.५ च्या खाली मला मेल्यासारखी लागते, पण तेवढ्या दाबाला जाड काचेच्याच बाटल्या हव्यात.

आणखी एक : बाटली उघडण्याआधी दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. थंड बिअरमध्ये वायू जास्त विरघळतो, त्यामुळे वरच्या मोकळ्या जागेतलाही काही आत उतरतो आणि ओतताना तो फेसात वाया जात नाही.

प्रश्न : माझ्या स्टाउटच्या (भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरच्या) बाटल्या उघडताच फेस उसळतो आणि उरलेली बिअर बोचरी लागते. वाचवता येईल?

उत्तर : बहुतेक येईल. आधी जाड हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा. बाटल्या अगदी थंड करा, झाकण किंचित उचलून वायू सोडा आणि पुन्हा घट्ट बसवा. लागलं तर दुसऱ्या दिवशी परत. स्टाउटला १.८ ते २ व्हॉल्यूम पुरतात, त्याहून जास्त झाला की भाजलेल्या धान्याचा कडूपणा करपट वाटू लागतो. बिअरला आंबूस किंवा विचित्र वास येत असेल, तर मात्र संसर्ग समजा आणि ती ओतून द्या. पुढची बॅच भरण्याआधी हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजायच्या उपकरणाचं) माप तीन दिवस एकच येतंय ना, हे पाहा. आंबणं संपण्याआधी भरलेली बाटली फुटू शकते.