एकच बॅटरी वारंवार का उतरते?

प्रश्न : संत्रा वाहणाऱ्या आमच्या २४ व्होल्टच्या ट्रकची एकच बॅटरी सारखी उतरते. सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. नवी टाकली, तरी तेच. (वाचक, ता. वरूड)

उत्तर : टेप किंवा पंख्याची वायर एकाच बॅटरीवरून घेतली आहे का, ते आधी पाहा. बहुतेकदा दोष तिथेच निघतो. २४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं चार्जिंगचं यंत्र) दोन्हींना मिळून साधारण २८ व्होल्ट देतो. त्यामुळे वापरातली बॅटरी कायम अर्धवट भरते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी आटतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर फारच लवकर. ती वायर काढा, २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा.

मग गाडी रात्रभर उभी ठेवून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका.

बदलायच्याच असतील तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, सारख्या अँपिअर-अवरच्या (क्षमतेच्या) घ्या. जुनीसोबत नवी जोडाल तर नवीही लवकर जाते. काढताना आधी अर्थिंगची (निगेटिव्ह) केबल सोडा. जोडताना ती सगळ्यात शेवटी.