डबा वाचू नका, घोडा मोजा

टेबलावर लढाईचा खेळ खेळायला माझ्याकडे १/७२ चे प्लास्टिकचे छोटे रोमन स्वार आहेत. मित्राचं रोमन पायदळ २८ मिमीचं, धातूचं आहे. दोन्ही एका सैन्यात चालतील का?

नाही. १/७२ हे प्रमाण आहे आणि २८ मिमी हे नुसतं माप, घोळ तिथूनच सुरू होतो. १७५ सेंमी उंचीचा माणूस १/७२ मध्ये साधारण २४ मिमी भरतो. २८ मिमी कुठपर्यंत मोजायचे यावर मात्र कंपन्यांचंच एकमत नाही. कुणी तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कुणी टाळूपर्यंत. त्यात २८ मिमीवाल्यांची डोकी, मनगटं आणि भाले मुद्दाम जाड घडवलेले असतात, म्हणजे लांबून दिसावेत. उंचीतला फरक डोळा एक वेळ चालवून घेतो, जाडीतला नाही. मित्राचा शिपाई तुमच्या स्वाराशेजारी उभा केलात, तर तो त्याला कडेवर घेईल असं वाटेल.

एअरफिक्स कंपनीच्या जुन्या डब्यांवर ‘एचओ/ओओ’ (ही खेळण्यातल्या रेल्वेची मापं) लिहिलेलं असायचं. त्या बाहुल्या १/७२ पेक्षा किंचित बारीक आहेत, पण १/७२ च्या सैन्यात खपून जातात. घरात पडल्या असतील तर टाकू नका.

माझ्या स्वारांचे पाय घोड्याच्या पोटाखाली लोंबतात. घोडे लहान झालेत का?

बहुधा घोडे बरोबर आहेत आणि तुमच्या डोळ्यांसमोर रेसकोर्स आहे. रोमन घोडदळाचे घोडे खांद्यापाशी साधारण १३० ते १४५ सेंमी असत. आपलं भीमथडी तट्टू आठवा. १/७२ मध्ये ही उंची १८ ते २० मिमी होते. २८ मिमीच्या बाहुल्यांचं प्रमाण १/५६ धरलं, तर २३ ते २६ मिमी. मोजताना व्हर्निअर कॅलिपर खुरापासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत लावायचा, कानापर्यंत नाही. १/७२ च्या डब्यातला घोडा २४ मिमी निघाला, तर तो खरा १७३ सेंमीचा झाला. एवढं जनावर ऱ्हाईनकाठच्या एखाद्या ‘आला’च्या (रोमन घोडदळाच्या पथकाच्या) तबेल्यात शोभत नाही.

पाय लोंबण्याचं खरं कारण म्हणजे रिकीब नाही. रोमन स्वार चार शिंगांच्या खोगिरात बसे: दोन शिंगं मांड्यांवर, दोन पाठीमागे. तेवढ्यावर तो भाला फेकायचा आणि तलवारही चालवायचा. युरोपात रिकीब आली ती सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास, अवार या भटक्या घोडेस्वार टोळ्यांबरोबर. रोमन सम्राट ट्रेजनच्या काळातल्या स्वाराला रिकीब दिसली तर धारदार ब्लेडने काढून टाका. मी एकदा या नादात घोटाच कापला होता, तेव्हा ब्लेड बाहेरच्या दिशेने चालवा.

दोन कंपन्यांचे स्वार घेतले. दोन्ही डब्यांवर २८ मिमीच लिहिलंय, पण एक दुसऱ्याचा धाकटा भाऊ वाटतो.

नव्या प्लास्टिकच्या बाहुल्या आणि जुन्या धातूच्या बाहुल्या यांच्यात हे होतंच. एका तुर्मात दोन्ही मिसळू नका. तुर्मा म्हणजे सुमारे तीस स्वारांची तुकडी. एक तुर्मा एका कंपनीचा, दुसरा दुसरीचा, आणि मध्ये हातभर अंतर ठेवा. धाकट्यांच्या खुरांखाली एक मिमीचा पुठ्ठा लावून वर वाळू चिकटवली की शिरस्त्राणं एका रेषेत येतात. ढाली मात्र दोन्हीकडे एकाच आकाराच्या लावा, नजर आधी तिथेच जाते.

याचा स्वार त्याच्या घोड्यावर बसवायचा मोह टाळा. मांड्यांचा बाक त्या-त्या खोगिराच्या मापाने घडवलेला असतो. बसवायचाच असेल तर आधी ब्लू टॅक (पुन्हा निघणारा चिकट गोळा) लावून पाहा आणि मगच गोंदाला हात घाला.

बाहुल्या चिकटवायच्या साठ मिमी रुंद तळपट्टीवर १/७२ चे किती स्वार?

तीन. धावत्या घोड्याचं नाक तळाबाहेर येईल, येऊ द्या.

थ्रीडी प्रिंटरसाठी २८ मिमीच्या बाहुलीची फाइल आहे, ती १/७२ मध्ये छापायची आहे. किती टक्के ठेवू?

फाइल १/५६ ची असेल तर ५६ भागिले ७२, म्हणजे ७८ टक्के. पण आधी बाहुलीखालची तळपट्टी, म्हणजे तळ, वेगळा काढा. तोही आकसला, तर ५० मिमीचा ३९ होतो आणि खेळाच्या नियमांतलं मोजमाप बिघडतं. दुसरं संकट भाल्याचं: एक मिमीची काठी ०.७८ वर येते आणि रेझिनमध्ये पहिल्याच डावाला तुटते. मूठ भोक पाडून मोकळी करा आणि तिच्यात ३५ मिमीची स्टीलची तार घाला. खऱ्या मापाने तो अडीच मीटरचा भाला होतो.

सीझरच्या गॉलमधल्या (म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) सैन्यासाठी ट्रेजन-स्तंभावरच्यासारखे स्वार चालतील का?

मापाने चालतील, काळाने नाही. रोममधला तो कोरीव स्तंभ इ. स. ११३ चा आहे. सीझर गॉलमध्ये लढला इ. स. पू. ५८ ते ५०, आणि तेव्हा त्याचे स्वार बहुतांशी गॉल आणि जर्मन होते. इ. स. पू. ५८ मध्ये आरिओविस्टस या जर्मन राजाला भेटायला जाताना त्याला आपल्याच गॉल स्वारांचा भरवसा वाटला नाही. त्याने त्यांचे घोडे काढून घेतले आणि त्यांवर दहाव्या लीजनचे (रोमन पलटणीचे) पायदळी शिपाई बसवले. त्यावर एक शिपाई गंमतीने म्हणाला, सेनापतीने कबूल केल्यापेक्षा जास्तच दिलं, आम्हाला घोडेस्वार करून टाकलं!

तेव्हा गॉल स्वारांचे दोन डबे घ्या, जर्मनांचा एक. आणि दहाव्या लीजनच्या चार-सहा शिपायांना गॉल घोड्यांवर जरा अवघडून बसवा.