आधी नॉइज ओळख, मग फिल्टर लाव

सोनोग्राफीच्या इमेजमधला नॉइज (नको असलेले ठिपके) काढायला थेट गॉसियन फिल्टर (शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेऊन इमेज मऊ करणारा) चालवू नकोस. ठिपके जातील, पण त्यांच्यासोबत गाठीची कडही पुसट होईल, आणि डॉक्टरांना नेमकी तीच कड बघायची असते.

आधी नॉइज कुठल्या जातीचा आहे ते बघ. विखुरलेले काळे-पांढरे ठिपके असतील तर बहुतेक वेळा ३×३ चा मीडियन फिल्टर (तेवढ्या पिक्सेलच्या चौकटीतली मधली किंमत घेणारा) पुरतो. एक्स-रेमध्ये फोटॉन कमी पडल्याचा पॉइसन नॉइज असतो, एमआरआयच्या मॅग्निट्यूड (सिग्नलची फक्त तीव्रता दाखवणाऱ्या) इमेजमध्ये रायशियन नावाचा नॉइज. सोनोग्राफीतला स्पेकल (कणीदार नॉइज) मात्र सिग्नलशी गुणला जातो. म्हणून आधी लॉग (लॉगरिदम) घ्यायचा, म्हणजे गुणाकाराची बेरीज होते. मग वेव्हलेट थ्रेशोल्डिंग (इमेज लहान-मोठ्या तपशिलांच्या आकड्यांत मांडून थ्रेशोल्डपेक्षा, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपेक्षा, छोटे आकडे काढणं), आणि शेवटी एक्स्पोनेन्शियल घेऊन परत यायचं. पण मशीनच्या पडद्यावरून सेव्ह केलेली इमेज बहुधा आधीच लॉग-कॉम्प्रेस्ड, म्हणजे लॉग घेतलेली, असते! तिच्यावर पुन्हा लॉग घेऊ नकोस. हे लक्षात यायला मला दोन आठवडे लागले होते.

दोन फिल्टर जोडताना मीडियन आधी, वेव्हलेट नंतर. उलट केलंस तर एकेक ठिपका वेव्हलेटच्या कितीतरी कोइफिशियंट्समध्ये (आकड्यांमध्ये) पसरतो आणि त्याचे डाग राहतात.

पीएसएनआर (इमेज संदर्भ इमेजच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) वाढला एवढ्यावर समाधान मानू नकोस. मूळ इमेजमधून फिल्टर केलेली इमेज वजा कर. उरलेल्या चित्रात अवयवाची बाह्यरेषा दिसली, तर थ्रेशोल्ड जास्त झालाय, कमी कर. मग दोन्ही इमेज शेजारी ठेवून रेडिओलॉजिस्टला दाखव. मूळ डायकॉम (वैद्यकीय इमेजच्या प्रमाण फॉरमॅटमधली) फाइल मात्र कधीही ओव्हरराइट करू नकोस.